ऐंशी वर्षांचा घसारा

दिघीत म्हातारी बाई नाही. मॅगझीन चौकातून आळंदी रस्त्याला लागून दत्तगडाच्या पायथ्यापर्यंत दोन्ही बाजूंचे फलक वाचत गेलं, तर परगावच्या माणसाची हीच खात्री होईल. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या ताई, हळदीकुंकवाच्या निमंत्रक वहिनी, दागिन्यांच्या दुकानाची नवरी आणि गुडघे बदलून देणाऱ्या रुग्णालयाची आजी, सगळ्या अठ्ठावीस वर्षांच्या आहेत. गुडघ्यांच्या आजीचे केस तेवढे पांढरे केलेले असतात. खालचा चेहरा कॉलेजातला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या फलकावरसुद्धा मातोश्रींचा फोटो त्या गेल्या त्या वयाचा नसतो, थोरल्या मुलाच्या लग्नातला असतो. फ्लेक्स छापणारा पोरगा संगणकावर त्यातल्याही सुरकुत्या पुसतो आणि वर थोडी लाली लावून देतो. त्याचा दोष नाही, गिऱ्हाईक तेच मागतं. बाई जिवंतपणी वय लपवते म्हणून आपण विनोद करतो. ती गेल्यावर तिचं वय लपवायला मात्र सगळं खानदान वर्गणी काढतं.

आता याच रस्त्यावर, या सगळ्या फलकांच्या रांगेत, एक चित्र टांगलं आहे अशी कल्पना करावी. ते काढलं ॲलिस नील या अमेरिकन चित्रकर्तीने. जन्म २८ जानेवारी १९००. त्यामुळे नीलबाईंचं वय काढायला कोणाला बोटं मोजावी लागली नाहीत आणि त्यांना ते लपवायची सोयही राहिली नाही. सन सांगितलं की वय आलं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची चित्रं काढली. शेजारीपाजारी, लेखक, समीक्षक, गरोदर बायका, सगळ्यांना खुर्चीत बसवलं आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना कपडे उतरवायला लावले. अँडी वॉरहॉल हा त्या काळचा फार प्रसिद्ध चित्रकार. १९६८ साली त्याच्यावर गोळीबार झाला होता. १९७० साली नीलबाईंनी त्याला कमरेच्या वर उघडा बसवून पोटावरचे व्रण आणि आधाराचा पट्टा यांच्यासकट रंगवला. इतक्या लोकांना असं बसवल्यावर एक दिवस आपली पाळी येणार, हे न्यायाला धरूनच होतं. पंचाहत्तरीच्या सुमाराला त्या स्वतः आरशासमोर बसल्या. चित्र सुरू केलं, बाजूला ठेवलं, आणि १९८० साली पुरं केलं. निळ्या पट्ट्यांच्या खुर्चीत एक पांढऱ्या केसांची बाई बसली आहे. एका हातात कुंचला, दुसऱ्या हातात फडकं, डोळ्यांवर चष्मा. चष्मा सोडला तर अंगावर काही नाही. स्तन पोटावर उतरलेत, पोट मांड्यांवर आलंय, एका पायाचा अंगठा उगाच वर झालाय. गाल लालबुंद आहेत. ते लाजेने झालेत असं वाटणाऱ्यांसाठी नीलबाईंनी नंतर खुलासा केला की चित्र काढताना जीव जायची वेळ आली होती, त्या कष्टाने गाल लाल झाले. हे चित्र आज वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे.

हे चित्र पाहणाऱ्याचं काय होतं, याचा क्रम साधारण ठरलेला आहे. आधी नजर चेहऱ्यावर जाते आणि तिथेच मुक्काम ठोकते, कारण गळ्याखाली उतरायची तयारी नसते. मग थोडं हसू. मग बरोबरच्या माणसाकडे एक कटाक्ष, तो हसला का ते पाहायला. आणि माणूस सुशिक्षित असेल तर शेवटी एक शाबासकी: “ऐंशीव्या वर्षी! काय धाडस आहे हो!” एवढं म्हटलं की सुटका, पुढच्या चित्राकडे जायला आपण मोकळे. माझं म्हणणं असं की ही शाबासकी म्हणजे चित्राकडे न पाहण्याची सभ्य सोय आहे. दिघीत लष्कराची वस्ती जुनी, धाडस म्हणजे काय हे इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. आरशासमोर बसून पोटाच्या घडीतली सावली नेमकी किती निळी आहे हे ठरवत राहणं, याला काम म्हणतात. कामाचं कौतुक करायचं तर काम पाहावं लागतं. ते नको असतं म्हणून आपण शूरपणाचं पदक देऊन मोकळे होतो.

ही पदकं सगळ्यांना सारखी वाटली असती तर तक्रार नव्हती. रेम्ब्रांटने कोरीव छापचित्रं धरून ऐंशीच्या आसपास आत्मचित्रं केली. १६६९ साली, मरायच्या वर्षी, त्रेसष्टाव्या वर्षी काढलेली चित्रं पाहिली तर नाक सुजलेलं, गाल ओघळलेले, डोळ्यांखाली पिशव्या. त्याला कोणी धाडसी म्हणत नाही. मानवी आत्म्याचा तळ वगैरे शब्द बाहेर पडतात. ल्युसियन फ्रॉइडने १९९३ साली, सत्तरी गाठल्यावर, स्वतःला नागडं रंगवलं. पायांत तेवढे बूट, तेही नाड्या न बांधलेले. त्यावर बोलणारे रंगाच्या जाड थरांवर बोलतात, बुटांवर बोलतात. आपल्या गोव्याच्या फ्रान्सिस न्यूटन सूझाने पंचविशीत स्वतःचं नग्न चित्र काढलं. १९४९ साली मुंबईत त्यावरून ओरड झाली, चित्र प्रदर्शनातून उतरवलं गेलं, पोलीस घरापर्यंत पोचले, आणि त्याच वर्षी सूझा लंडनला निघून गेला. तो झाला बंडखोर. अमृता शेरगिलने १९३४ साली, एकविसाव्या वर्षी, स्वतःला ताहिती बेटावरच्या स्त्रीच्या रूपात कमरेच्या वर उघडं रंगवलं. तिच्याबद्दल बोलताना लावण्याचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी ती गेली, त्यामुळे म्हातारी होऊन लोकांची पंचाईत करायची वेळच तिच्यावर आली नाही. हिशेब असा निघतो: तरुण पुरुषाने कपडे काढले तर बंड, म्हाताऱ्या पुरुषाने काढले तर चिंतन, तरुण बाईने काढले तर सौंदर्य आणि म्हाताऱ्या बाईने काढले तर धाडस. पहिल्या तिघांच्या चित्रात लोकांना काहीतरी दिसलं. चौथीच्या चित्रात त्यांना फक्त स्वतःचा संकोच दिसला, आणि तो त्यांनी तिच्या नावावर जमा केला.

यावर कोणी म्हणेल की धाडसी म्हणणं ही स्तुतीच आहे, त्यात एवढं चिडायचं काय? चिडायचं असं की धाडस म्हटलं की समोर काहीतरी धोका आहे हे धरून चाललेलं असतं. इथे धोका कसला होता? खुर्ची मजबूत होती. आरसा फुटला नाही. धोका म्हणजे ते अंगच. “बाई, तुमचं अंग असं आहे की ते दाखवायला छाती लागते,” हे वाक्य तोंडावर बोलायला कोणी धजणार नाही, म्हणून आपण ते पुष्पगुच्छात गुंडाळून देतो.

बायकांनी स्वतःचं अंग रंगवायला घेतलं त्यामागे शौर्याची हौस कमी आणि अडचण जास्त होती. चित्रकलेच्या शाळेत मानवी देह शिकायचा तर उघडं मॉडेल समोर लागतं, आणि तिथे शतकानुशतकं बायकांना दार बंद. लंडनची रॉयल ॲकॅडमी १७६८ साली निघाली तेव्हा तिच्या संस्थापक सदस्यांत दोन स्त्रिया होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. थोड्याच वर्षांत योहान झोफनी याने सदस्यांचं सामूहिक चित्र काढलं. प्रसंग होता मॉडेलवरून चित्र काढायच्या वर्गाचा, मॉडेल पुरुष होता आणि उघडा होता. आता संस्थापक बायकांना या खोलीत उभं कसं करायचं? झोफनीने तोडगा काढला. पुरुष खोलीत, आणि दोघी बाया भिंतीवरच्या तसबिरींत. संस्थेच्या संस्थापक, पण हजेरी फोटोफ्रेममधून. पुढे १८९३ साली विद्यार्थिनींना मॉडेलच्या वर्गात प्रवेश मिळाला, तोही मॉडेलने कमरेला नीट गुंडाळलेलं असेल तर. अशा परिस्थितीत बाईला उपलब्ध असलेलं, बिनपगारी, वेळेवर येणारं आणि तक्रार न करणारं एकमेव मॉडेल म्हणजे आरशातली ती स्वतः. पाउला मोडरझोन-बेकर या जर्मन चित्रकर्तीने १९०६ साली, तिशीत, स्वतःला कमरेपर्यंत उघडं रंगवलं तेव्हापासून ही वाट पडली. वाटेवर पुढे चालत राहिलं की वय वाढतं, याला इलाज नाही. अमेरिकेतल्या जोन सेमेल, जन्म १९३२, सत्तरच्या दशकापासून स्वतःच्या अंगाची चित्रं काढत आल्या आणि ऐंशी ओलांडल्यावरही थांबल्या नाहीत. चाळिशीत मॉडेल म्हणून ठेवलेल्या बाईला साठीत कामावरून काढायचं कारण काय, असा साधा प्रश्न आहे. मॉडेल बदललं नाही; काळ मॉडेलवर काम करत राहिला आणि चित्रकर्ती ते टिपत राहिली.

आपल्याकडची वाट कुठे अडली हे पाहायला फार लांब जायला नको. कासारवाडीला लोणावळा लोकल धरावी आणि मळवलीला उतरावं. स्टेशनच्या एका बाजूला भाज्याची लेणी, दुसऱ्या बाजूला कार्ल्याची. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर दगडातली जोडपी उभी आहेत. दोन हजार वर्षं पावसात भिजली, पण त्यांतल्या एकीचंही अंग सुटलेलं नाही. याच मळवलीला राजा रविवर्म्याचा छापखाना होता. तिथून छापून निघालेल्या लक्ष्मी, सरस्वती, दमयंती आणि शकुंतला महाराष्ट्राच्या घराघरांत चौकटीत बसल्या. या लक्ष्मीचं वय काय असावं यावर पैज लावता येईल. तीस म्हटलं तरी हरण्याची भीती नाही. एका लोकल स्टेशनाच्या परिसरात वीस शतकांचं तारुण्य साठवलेलं असताना आपल्या डोळ्यांना सवय कशाची लागणार? फ्लेक्सवाल्या पोराला सुरकुत्या पुसायला कोणी शिकवलं असं विचारलं, तर उत्तर मळवलीच्या तिकिटावर छापलेलं आहे.

आता आक्षेपांकडे. सर्वांत मोठा आवाज अश्लीलतेचा. त्याला उत्तर द्यायला मला कष्ट पडत नाहीत, कारण तो आक्षेप स्वतःच्याच पायात पाय घालून पडतो. कायद्याच्या भाषेत अश्लील म्हणजे वासना चाळवणारं. जे गृहस्थ ऐंशी वर्षांच्या बाईचं चित्र अश्लील म्हणतात, तेच पुढच्या वाक्यात म्हणतात की ते इतकं कुरूप आहे की बघवत नाही. दोन्ही एकदम खरं कसं असेल? ज्याने वासना चाळवते ते बघवत नाही असं होत नाही, आणि जे बघवतच नाही त्याने कोणाची चाळवली? कृपया एक आक्षेप निवडावा आणि दुसरा मागे घ्यावा. आपल्या मुंबईने या बाबतीत थोडंफार शहाणपण वेळोवेळी दाखवलंय. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते, मुखपृष्ठावर नग्न स्त्रीची चित्रं छापत होते आणि खटले अंगावर घेत होते. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. अकबर पदमसींवर १९५४ साली जहांगीर कलादालनातल्या चित्रावरून खटला झाला, ते सुटले. याच पदमसींची आणि सूझाची मिळून सात चित्रं सीमाशुल्क खात्याने अश्लील म्हणून अडकवली तेव्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसतं, हे न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं. सूझा तोपर्यंत जाऊन बावीस वर्षं झाली होती. त्याचा पिच्छा सरकारने परलोकापर्यंत पुरवला असता, पण तिथे कस्टम्सची चौकी नाही.

दुसरा आक्षेप असा की ही सगळी पाश्चात्त्य थेरं आहेत, आपल्या संस्कृतीत म्हातारपण म्हणजे आदर. आदराबद्दल वाद नाही. पण आपल्या संस्कृतीने म्हातारं अंग पाहिलंच नाही, हे मात्र खोटं. मूर्तिशास्त्रातली चामुंडा पाहावी: बरगड्या वर आलेल्या, पोट खपाटीला, स्तन सुकून ओघळलेले. वेरूळला सप्तमातृकांच्या शेजारी तर साक्षात काळ हाडांच्या सापळ्याच्या रूपात बसवला आहे. दक्षिणेत कारैक्काल अम्मैयार या शिवभक्त कवयित्रीची गोष्ट सांगतात. तिने देवाकडे मागणं मागितलं ते आपलं रूप काढून घेण्याचं. देवाने ऐकलं. चोळांच्या काळातल्या ब्राँझच्या मूर्तींत ती हाडकुळी होऊन, सुकल्या अंगाने, हातात टाळ घेऊन मजेत बसलेली असते. तोंडावर असा आनंद की गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिरातीतल्या मुलीलाही तो साधलेला नाही. म्हणजे आपल्याकडे बाईला म्हातारं अंग दाखवायची परवानगी होती, अट एवढीच की तिने देवी व्हावं नाहीतर संत. पेन्शनर झाली तर चालत नव्हतं.

आणि दगडाचं कशाला, जिवंत पुरावा दर वर्षी दिघीतूनच जातो. आषाढी वारीत माउलींची पालखी आळंदीहून निघून याच रस्त्याने पुण्याकडे जाते. डोक्यावर तुळस घेतलेल्या, पायांच्या नडग्या उघड्या टाकलेल्या, पाठीत वाकलेल्या कितीतरी आज्या पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालतात. कार्तिकीला आळंदीच्या घाटावर सत्तरीच्या बाया इंद्रायणीत बुडी मारून ओलेत्याने पायऱ्या चढतात. कोणी मान वळवून बघत नाही. इंद्रायणीवर फेस आला तर त्याचे फोटो काढायला लोक थांबतात, बाईसाठी नाही. याचा अर्थ सरळ आहे. म्हातारं अंग आपल्याला नवीन नाही, त्याची किळसही नाही. ते आपल्या डोळ्यांसमोर असतं आणि आपण ते बघत नाही, एवढंच. मग त्याच अंगाचं चित्र भिंतीवर लागलं की एवढी तारांबळ का उडते?

तारांबळ उडते कारण घाटावरची बाई आपल्याकडे बघत नसते आणि खुर्चीतली बघते. नीलबाईंचे डोळे चष्म्याआडून थेट पाहणाऱ्यावर आहेत, आणि हातात कुंचला आहे. रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट आठवावा. २०१७ साली गोव्याच्या महोत्सवातून तो काढून टाकला गेला म्हणून गाजला, पुढच्या वर्षी रीतसर प्रदर्शित झाला. त्यातली यमुना मुलाच्या शिक्षणासाठी जे. जे. कला महाविद्यालयात मॉडेल म्हणून बसते. ती बसते आणि मुलं काढतात; कलेतली ही वाटणी आपल्याला मान्य आहे. बसणारी वेगळी, काढणारा वेगळा, बघणारा तिसरा. नीलबाईंनी पहिली दोन्ही पदं स्वतःकडे घेतली आणि तिसऱ्याला उभं केलं. ऑस्ट्रियाच्या मारिया लास्निग तर एक पाऊल पुढे गेल्या. २००५ साली, वय पंच्याऐंशीच्या आसपास, त्यांनी स्वतःला नागडं रंगवलं ते दोन्ही हातांत पिस्तुलं घेऊन. एक स्वतःच्या कानशिलावर, दुसरं आपल्यावर रोखलेलं. चित्राचं नाव ‘तू की मी’ अशा अर्थाचं. डोक्यावर केस नाहीत, कारण लास्निगबाईंचा नियम होता की आतून जाणवतं तेवढंच रंगवायचं, आणि केस काही जाणवत नाहीत. अशा चित्रासमोर ‘किती धाडसी’ म्हणणं हे बंदुकीच्या नळीपुढे उभं राहून बंदूकवालीच्या हिमतीचं कौतुक करण्यापैकी आहे. अशा वेळी काळजी स्वतःची करायची असते.

या मांडणीत एक पेच आहे, तो लपवायचं कारण नाही. सोफोनिस्बा अंग्विसोला ही सोळाव्या शतकातली इटालियन चित्रकर्ती. तिने आयुष्यभर स्वतःचे चेहरे रंगवले, म्हातारपणीसुद्धा. १६२४ साली विशी-पंचविशीतला चित्रकार व्हॅन डाइक तिला भेटायला गेला. तिची नव्वदी उलटलेली, नजर अधू झालेली. त्याने तिचं रेखाटन केलं आणि वहीत टिपून ठेवलं की बाईंनी सूचना दिली, प्रकाश फार वरून घेऊ नकोस, नाहीतर सुरकुत्यांच्या सावल्या जास्त पडतील. म्हणजे एवढी मोठी चित्रकर्तीही शेवटी फ्लेक्सवाल्या पोरासारखंच बोलली, असं विरोधक म्हणतील. मला तसं वाटत नाही. सुरकुत्या पुसायच्या असत्या तर तिने ‘काढू नकोस’ म्हटलं असतं. ती बोलली प्रकाशाच्या कोनाबद्दल. डोळे अधू झालेले असताना, समोरचा पोरगा कुठे चुकणार हे तिला खिडकीच्या उबेवरून कळलं असावं. हा नखरा कमी आणि धंद्यातला सल्ला जास्त होता. आणि समजा थोडा नखराही असला, तर नव्वदीत तेवढी सवलत कोणाला द्यायची नाही?

खरा गुंता पैशाच्या हिशेबात आहे, आणि तो भोसरी-चाकण पट्ट्यातल्या माणसाला पटकन कळेल. इथल्या कारखान्यात लेथ मशीन आलं की पहिल्या वर्षापासून त्याचा घसारा मांडतात. प्राप्तिकराच्या हिशेबात सर्वसाधारण यंत्रसामग्रीला दर साल १५ टक्के, तोही उरलेल्या किमतीवर. एक लाखाचं मशीन दहा वर्षांनी पुस्तकात १९,६८७ रुपयांचं राहतं, आणि ऐंशी वर्षांनी साडेबावीस पैशांचं. समाज बाईच्या अंगाची किंमत नेमकी याच पद्धतीने लावत आला आहे, आणि ऐंशीव्या वर्षी पुस्तकात साडेबावीस पैसे उरले की ‘आजी’ म्हणून नमस्कार करून खातं बंद करतो. पण कारखान्यातल्या कोणत्याही जुन्या फोरमनला विचारलं तर तो सांगेल की पुस्तकातल्या किमतीचा आणि मशीनच्या कामाचा काही संबंध नसतो. बेड कुठे झिजलाय, स्पिंडल किती हलतो, कोणत्या गिअरला आवाज आहे, हे त्याला हाताने माहीत असतं आणि ते सांभाळून तो माल अचूक काढतो. नीलबाईंनी केलं ते हेच. हिशेबनिसाचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि झीज जिथे आहे तिथे जशी आहे तशी मोजून घेतली. अंगठा वर झाला आहे तर वर. पोटाने जागा सोडली आहे तर सोडली आहे.

मग शेवटचा आक्षेप, जो बहुतेक घरांत सगळ्यांत आधी येतो: असलं चित्र लावायचं कुठे? दिघीतल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या एका भिंतीवर टीव्ही, दुसरीवर धावणारे सात पांढरे घोडे, तिसरीला खिडकी आणि चौथीला चपलांचं कपाट. बरोबर आहे, जागा नाही. पण सात घोडे घरात का आहेत, ते कुठून आले आणि कुठे चालले आहेत, हे आजवर एकाही पाहुण्याने विचारलेलं नाही. चित्रात बाई असली की मात्र तिचं वय पाहून चित्र लावायचं की नाही ते ठरवायचं. तसं म्हटलं तर रेम्ब्रांटचं नाकही कोणी हॉलमध्ये लावत नाही. काही चित्रं घरासाठी नसतातच, ती जाऊन पाहायची असतात. आणि जे म्हणतात की हा सगळा आत्मप्रेमाचा प्रकार, आजकाल सेल्फी तरी दुसरं काय, त्यांना एवढंच सांगता येईल की सेल्फी आवडली नाही तर लगेच पुसून दुसरी काढतात, आणि गालावर फिल्टर लावायला अर्धा सेकंद पुरतो. नीलबाईंचं चित्र पाच वर्षं अर्धवट पडून होतं. पुसायला मुबलक वेळ होता आणि हातात फडकंही होतं.

मराठी मुलखात याच्या जवळ जाणारं काम शकुंतला कुलकर्णी यांचं आहे. जन्म १९५०, काम मुंबईत. साठीच्या सुमाराला, २०१० ते २०१२ या काळात, त्यांनी स्वतःच्या अंगासाठी वेताची चिलखतं घडवली आणि ती घालून मुंबईच्या सार्वजनिक जागांत उभ्या राहून छायाचित्रं केली. चिलखत अंगाला जपतं आणि कोंडतंही. त्या मालिकेच्या नावातच देह, चिलखत आणि पिंजरे तिन्ही आहेत. २०१९ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात भारताच्या दालनात ती दाखवली गेली. इथे नग्नता नाही, रंगाचा कुंचलाही नाही. पण आपलं साठीचं अंग हाच विषय आणि तेच साहित्य, हे धरून भर शहरात उभं राहणं आहे. त्याकडेही पाहताना लोकांची जीभ शाबासकीकडे वळतेच. खरं पाहायचं ते वेत कुठे घट्ट विणला आहे आणि कुठे सैल, मान फिरवायला किती जागा ठेवली आहे, हात किती वर जातो, हे आहे.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. पुण्यात बालगंधर्वच्या कलादालनात, मुंबईला जहांगीरमध्ये, कुठेही एखाद्या वयस्क बाईने काढलेलं तिचं स्वतःचं चित्र समोर आलं, तर कृपा करून तिच्या धाडसाचं कौतुक करू नका. दोन पावलं मागे या, चष्मा पुसा आणि गळ्याखाली बघा. खांदा जमलाय का, पोटाच्या घडीत रंग मळलाय का, हात चुकलाय का, ते पाहा. आवडलं तर कुठे आवडलं ते सांगा. नाही आवडलं तर तेही सांगा, अगदी तोंडावर सांगा: बाई, मांडी बरोबर आली नाही. ती भांडेल. भांडू द्या.